रिसायकल्ड मिश्र तंतूंचा जिओटेक्स्टाइल फेल्ट: रोल स्वीकारण्याआधी काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

चिंध्या, कातरण आणि पाण्याच्या बाटल्यांपासून केलेला नीडल पंच फेल्ट, म्हणजे सुयांनी ठोकून तंतू एकमेकांत अडकवलेलं, मातीत अंथरायचं जाड कापड (जिओटेक्स्टाइल), शेततळ्याच्या प्लास्टिकच्या कागदाखाली, निचऱ्याच्या चरात, रस्त्याच्या मुरुमाखाली सर्रास अंथरला जातो. त्यात गैर काही नाही. नीट बनवलेला रिसायकल्ड फेल्ट यातली बरीच कामं चोख करतो. गडबड होते ती खरेदीत आणि तपासणीत. "तीनशे जीएसएमचा द्या" (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) एवढ्यावर ऑर्डर जाते, रोल आला की टोकाचा एक तुकडा कापून वजन करतात आणि आकडा जुळला की सही होते. पुढे पावसाळ्यात चर तुंबतो किंवा तळ्याचा कागद खालच्या दगडाने फुटतो, आणि खापर "रिसायकल्ड माला"वर फुटतं.

व्हर्जिन, म्हणजे नव्या कोऱ्या तंतूंच्या, मालात एकाच जातीचा, ठरावीक लांबीचा तंतू असतो, म्हणून वजनावरून बाकीचे गुण थोडेफार ताडता येतात. मिश्र मालात ते चालत नाही. त्याच ३०० जीएसएममध्ये ६० मिलिमीटरचा पॉलिएस्टर तंतू असू शकतो, किंवा चिंधी पिंजून निघालेला १५ मिलिमीटरचा आखूड तंतू, सुती धूळ आणि शिवणीचे दोरे. तराजूला दोन्ही सारखेच.

म्हणून खालचा क्रम पाळा. तंतू ओळखल्याशिवाय ताकद मोजू नका आणि ताकद पाहिल्याशिवाय पाण्याच्या महागड्या चाचण्यांवर पैसे घालू नका. पहिल्या तीन-चार पायऱ्या गोदामातच होतात, खर्च जवळजवळ नाही, आणि बराचसा नापास माल तिथेच बाजूला पडतो.

१. आधी काम कोणतं ते ठरवा

एकच फेल्ट सगळीकडे "चांगला" किंवा "वाईट" नसतो. कामानुसार पाहायचे गुण बदलतात.

गादी म्हणून, म्हणजे शेततळ्याच्या किंवा कचराभूमीच्या कागदाखाली: इथे वजन, जाडी आणि भोक न पडण्याची क्षमता महत्त्वाची. पाणी किती वाहतं याला दुय्यम स्थान. रिसायकल्ड मिश्रणाला सगळ्यात सोयीचं काम हेच. भारतीय मानक आयएस १६०९०.

विलगीकरण, म्हणजे खालची माती आणि वरची खडी एकमेकांत मिसळू न देणं: ताकद आणि छिद्रमाप (फेल्टमधल्या छिद्रांचा आकार) दोन्ही हवेत. मानक आयएस १६३९१.

गाळण, म्हणजे निचऱ्याच्या चरात खडीभोवती गुंडाळणं: इथे छिद्रमाप आणि पाणी जाण्याचा वेग हेच सर्वस्व, आणि तंतू कुजणारा नसणं ही पहिली अट. मानक आयएस १६३९३.

गाळणाच्या कामाला मातीही माहीत हवी. आश्टो या अमेरिकेतल्या राज्य महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या एम २८८ या निकषात, जो आपल्याकडच्या निविदांतही दिसतो, मातीचा किती भाग ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जातो यावर मर्यादा ठरते. १५ टक्क्यांहून कमी जात असेल तर परमिटिव्हिटी (फेल्टमधून आरपार पाणी जाण्याची क्षमता) किमान ०.५ प्रति सेकंद आणि छिद्रमाप जास्तीत जास्त ०.४३ मिमी. १५ ते ५० टक्के असेल तर ०.२ आणि ०.२५ मिमी. ५० टक्क्यांच्या वर असेल तर ०.१ आणि ०.२२ मिमी. आपली काळी माती बहुतेक ठिकाणी या शेवटच्या गटात बसते. म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातल्या चरासाठी "पाणी भरपूर जाणारा" विरळ फेल्ट मागणं ही मुळातच चुकीची मागणी आहे. बारीक छिद्र आधी पाहायचं, वेग नंतर.

पडताळा: ऑर्डरवर काम, मानकाचा क्रमांक आणि मातीचा गट लिहिलाय का? २०२३ मध्ये केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने जिओटेक्स्टाइलच्या अनेक प्रकारांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) मानक सक्तीचं करणारा आदेश काढला आहे. तुमचा प्रकार त्यात येतो का आणि पुरवठादाराकडे परवाना आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा.

२. तंतू ओळखा

हीच पायरी सगळे गाळतात, आणि बाकीचं सगळं हिच्यावरच उभं आहे.

रोलच्या रुंदीत पाच-सहा ठिकाणांहून चिमूटभर तंतू उपसा. चिमट्याने रंगानुसार वेगळे करा. रिसायकल्ड फेल्ट लांबून करडा दिसतो, पण जवळून पाहिलं तर त्यात निळे, लाल, पांढरे, काळे तंतू असतात आणि मधूनच न पिंजलेली चिंधीची गाठ किंवा दोरा. गाठी जितक्या जास्त तितकं ओपनिंग (चिंध्या पिंजून तंतू मोकळे करणं) कच्चं, आणि गाठीभोवतीची जागा हमखास कमजोर.

मग तीन साध्या चाचण्या.

पाण्याची: ग्लासभर पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका, तंतू बुडवून बोटांनी दाबून हवा काढा. पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९१, ते वर येतं. पॉलिएस्टर १.३८, नायलॉन १.१४, ॲक्रिलिक १.१७ आणि कापूस साधारण १.५, हे सगळे बुडतात. साबण विसरलात तर अडकलेल्या हवेमुळे पॉलिएस्टरही तरंगेल आणि निष्कर्ष उलटा निघेल.

जाळण्याची: एका वेळी एकाच रंगाचे तंतू. पॉलिएस्टर वितळून काळा धूर काढतं आणि कडक मणी उरतो. पॉलिप्रॉपिलीन वितळताना विझलेल्या मेणबत्तीसारखा वास येतो. कापूस आणि व्हिस्कोस कागदासारखे जळून मऊ राख देतात. लोकर असेल तर केस जळाल्याचा वास. सगळे एकत्र पेटवले तर काहीच कळत नाही, नुसता चिकट गोळा हातात येतो.

धुळीची: तळहाताएवढा तुकडा काळ्या कागदावर दहा-बारा वेळा झटका. आखूड तंतू आणि धूळ खाली पडेल. ही धूळ वजनात मोजली जाते, ताकदीत नाही. जुन्या गालिच्यांचा माल मिसळला असेल तर त्याच्या पाठीवरच्या लॅटेक्सच्या थरातली खडूची भुकटीही येते, तीही वजन वाढवायलाच.

शर्टिंगच्या कातरणीत पॉलिएस्टर आणि कापूस एकाच धाग्यात मिसळलेले असतात. तिथे चिमट्याने काही साधत नाही. प्रमाण हवं असेल तर प्रयोगशाळेत ७५ टक्के गंधकाम्लात कापूस विरघळवून उरलेल्या पॉलिएस्टरचं वजन करतात. हा प्रयोग घरी किंवा गोदामात करायचा नाही.

इशारा: गाळणाच्या किंवा कायमच्या विलगीकरणाच्या फेल्टमध्ये कापूस, व्हिस्कोस, लोकर, ताग नको. ओल्या मातीत हे तंतू काही महिन्यांत कुजू लागतात. मागे मोठी छिद्रं उरतात आणि कुजलेला गाळ अडकून बसतो. "दहाच टक्के कॉटन आहे" हे उत्तर ऐकून घ्यायचं, मानायचं नाही. काही महिन्यांपुरती धूप थोपवायची असेल, गवत रुजेपर्यंत, तर गोष्ट वेगळी.

३. नमुना नीट काढा

रोलचे पहिले दोन वेढे वापरू नका. वाहतुकीत ते दबलेले, भिजलेले, मळलेले असतात. कडेपासून किमान १०० मिलिमीटर आत या. तुकडे रुंदीभर तिरक्या ओळीत पसरून कापा, म्हणजे दोन तुकड्यांत लांबीचा किंवा रुंदीचा तोच पट्टा येणार नाही.

कापण्याआधी प्रत्येक तुकड्यावर मशीनची दिशा, म्हणजे रोलच्या लांबीची दिशा, बाणाने दाखवा. कार्डिंगनंतर, म्हणजे तंतू विंचरून त्यांचं पातळ जाळ केल्यावर, क्रॉस लॅपर या यंत्राने ते जाळ आडवं घडी घालून टाकलेलं असतं, त्यामुळे बहुतेक नीडल पंच फेल्ट आडव्या दिशेला जास्त ताकदवान असतो. बाण नसला की प्रयोगशाळेतला मुलगा आपल्या सोयीने तुकडा लावतो आणि अहवालात दिशांची अदलाबदल होते. पुढे साइटवर चढ-उताराच्या दिशेला कमजोर बाजू जाते, ती अशी.

नमुना काढताना एक काम फुकटात होतं. तीन-चार मीटर फेल्ट उलगडून दोघांनी उन्हासमोर धरा. विरळ ठिगळं आणि आडव्या पट्ट्या लगेच दिसतात. नियमित अंतरावर येणाऱ्या पट्ट्या म्हणजे क्रॉस लॅपरच्या घड्या नीट जुळलेल्या नाहीत. असा पट्टा दिसला तर एक नमुना मुद्दाम त्यातून काढा, पण त्यावर वेगळी खूण करा. सरासरीत मिसळू नका.

गादीसाठीचा फेल्ट असेल तर बऱ्यापैकी ताकदीचं लोहचुंबक पृष्ठभागावरून फिरवा. नीडल पंच मशीनच्या सुया तुटतात आणि तुकडे फेल्टमध्येच राहतात. दगडापासून कागद वाचवायला फेल्ट अंथरायचा आणि त्यातल्याच सुईने कागदाला भोक पाडायचं, हा प्रकार ऐकायला विनोदी वाटतो, तळं गळायला लागलं की वाटत नाही.

पडताळा: सुईचा एकही तुकडा सापडला तर तो रोल कागदाखाली जाणार नाही. विलगीकरणाला चालेल.

४. कंडिशनिंग: हवेशी जुळवून घ्या

भारतीय मानकात कापड तपासणीची हवा २७ अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रता अशी धरतात. आयएसओच्या आंतरराष्ट्रीय मानकांत तापमान २० अंश. दोन्हीपैकी कोणती पाळली हे अहवालात असावं.

शंभर टक्के पॉलिप्रॉपिलीनला याने फारसा फरक पडत नाही, ते ओलावा घेतच नाही. पॉलिएस्टर ०.४ टक्के घेतं. कापूस मात्र आठ टक्क्यांच्या आसपास घेतो. म्हणजे कापसाचा अंश असलेला रोल जुलैत इचलकरंजीत जास्त भरेल आणि मे महिन्यात सोलापुरात कमी, माल तोच. शिवाय फेल्टच्या पोकळीत अडकलेलं पाणी वेगळंच. भिजलेला रोल तर वजनाला धरूच नका.

तुकडे जाळीवर मोकळे पसरून ठेवा. दोन तासांच्या अंतराने दोनदा वजन करा. फरक पाव टक्क्याहून कमी आला की तुकडा तयार. "चोवीस तास ठेवलंय" हा पुरावा होत नाही, दोन वजनं हा होतो.

५. वजन, जाडी आणि पोकळी

वजनासाठी १०० चौरस सेंटीमीटरचे दहा तुकडे. जीएसएम कटर गोल तुकडा कापतो, त्याचा व्यास ११२.८ मिमी. कटरची पाती बोथट असतील तर जाड फेल्ट कापताना खेचला जातो आणि तुकडा लहान-मोठा होतो. कापलेल्या तुकड्याचा व्यास दोन दिशांना मोजून खात्री करा. ग्रॅममधलं वजन गुणिले १०० म्हणजे जीएसएम. दहाही आकडे लिहून ठेवा, नुसती सरासरी नको. दहातला सगळ्यात कमी आकडा सरासरीच्या फार खाली असेल तर पुढच्या चाचण्यांत काय येणार ते इथेच कळतं.

जाडी व्हर्नियरने मोजायची नाही. चिमटीत फेल्ट किती दाबला गेला ते माणसागणिक बदलतं. जाडी नेहमी ठरलेल्या दाबाखालीच: २ किलोपास्कल, गरज पडल्यास २० आणि २००. प्रयोगशाळेचं यंत्र नसेल तर २५ चौरस सेंटीमीटरची, म्हणजे ५६.४ मिमी व्यासाची सपाट चकती घ्या. तिच्यासकट एकूण ५१० ग्रॅम वजन ठेवलं की २ किलोपास्कल होतात. डायल गेजने तीस सेकंदांनी वाचन घ्या. वजन ५.१ किलो केलं की २० किलोपास्कल, म्हणजे साधारण एक मीटर मातीखालचा दाब.

दोन्ही दाबांखालची जाडी घ्याच. पिंजलेल्या आखूड तंतूंचा, कमी सुयांनी ठोकलेला फेल्ट २ किलोपास्कलला छान जाड दिसतो आणि २० ला बसतो. गादीच्या कामात हा फरक थेट पैशांत मोजला जातो.

आता पोकळी. सूत्र सोपं आहे: जीएसएमला जाडी (मिलिमीटरमध्ये) आणि तंतूच्या घनतेच्या (किलो प्रति घनमीटरमध्ये, म्हणजे १.३८ ऐवजी १३८०) गुणाकाराने भागा आणि उत्तर १ मधून वजा करा. समजा ३०० जीएसएम, जाडी २.५ मिमी. तंतू निव्वळ पॉलिएस्टर असेल तर ३०० भागिले ३४५०, म्हणजे ०.०८७; पोकळी ९१.३ टक्के. तोच फेल्ट पॉलिप्रॉपिलीनचा असेल तर ३०० भागिले २२७५, म्हणजे ०.१३२, पोकळी ८६.८ टक्के. वजन सारखं, जाडी सारखी, पण तंतूंनी व्यापलेली जागा दीडपट. छिद्रमाप आणि पाण्याचा वेग इथूनच बदलतो.

चूक होते ती मिश्रणाची घनता काढताना. ६० टक्के पॉलिएस्टर आणि ४० टक्के पॉलिप्रॉपिलीन असेल तर १.३८ आणि ०.९१ ची साधी भारित सरासरी १.१९ येते, आणि ती चुकीची आहे. टक्के वजनाचे आहेत, त्यामुळे प्रत्येक भागाचं आकारमान काढून बेरीज करायची: ०.६ भागिले १.३८ अधिक ०.४ भागिले ०.९१, म्हणजे ०.८७४. आता १ भागिले ०.८७४ म्हणजे १.१४. बी.टेक.च्या प्रोजेक्ट रिपोर्टांत ही चूक इतकी नियमित दिसते की एकाचं पाहून दुसऱ्याने उतरवलं असावं.

६. ताकद

इथे तीन-चार वेगळ्या चाचण्या आहेत, आणि त्यांचे आकडे एकमेकांत बदलता येत नाहीत.

ग्रॅब चाचणीत १०० मिमी रुंद तुकड्याचा मधला २५ मिमीच जबड्यात धरतात. उत्तर न्यूटनमध्ये येतं. रुंद पट्टीच्या चाचणीत २०० मिमी रुंदीचा पूर्ण तुकडा धरतात, जबड्यांमध्ये अंतर १०० मिमी. उत्तर किलोन्यूटन प्रति मीटर. निविदेत एक मागितलेलं असतं, पुरवठादार दुसरं देतो, आणि कोणीतरी कागदावर भागाकार करून जुळवतं. असा कोणताही पक्का गुणक नाही. रुंद पट्टीतही आयएसओची पद्धत दर मिनिटाला २० टक्के ताण देते आणि अमेरिकेच्या एएसटीएमची १० टक्के, म्हणून पद्धतीचा क्रमांक नसलेला आकडा परत पाठवा.

लांबवणूक नक्की वाचा. आश्टोच्या निकषात तुटताना ५० टक्के किंवा त्याहून जास्त लांबणाऱ्या कापडाला ताकदीची मर्यादा सौम्य आहे, कारण ते दगडाभोवती वाकतं. निचऱ्याच्या दुसऱ्या वर्गासाठी अशा कापडाला ग्रॅब ७०० न्यूटन, फाट २५० न्यूटन आणि सीबीआर पंक्चर (दांड्याने भोक पाडायला लागणारं बल) १३७५ न्यूटन लागतं. लांबवणूक ५० टक्क्यांखाली गेली की तेच आकडे ११००, ४०० आणि २२०० होतात. रिसायकल्ड फेल्टवर गरम रोलर फिरवून त्याला कडकपणा आणलेला असेल तर तो या रेषेच्या खाली घसरू शकतो. ग्रॅब ८०० दिसतो, सगळे खूश, आणि मर्यादा ११०० ची लागू असते.

सीबीआर पंक्चरमध्ये ५० मिमी व्यासाचा दांडा दर मिनिटाला ५० मिमी वेगाने, १५० मिमी व्यासाच्या कड्यात घट्ट धरलेल्या फेल्टमधून खाली नेतात. मऊ, धुळकट फेल्ट कड्यातून सरकतो आणि वाचन बिघडतं. चाचणीआधी कड्याच्या आतल्या कडेने मार्करने वर्तुळ काढा. चाचणीनंतर रेघ ५ मिमीहून जास्त आत सरकलेली दिसली तर ते वाचन रद्द. ही रेघ काढायला प्रयोगशाळेला सांगावं लागतं, सांगा.

फाट चाचणी, म्हणजे ट्रॅपेझॉइड पद्धत, आखूड तंतूचा खरा चेहरा दाखवते. लांब तंतू फाटीच्या तोंडाशी गोळा होऊन भार वाटून घेतात. आखूड तंतू नुसते निसटतात. ग्रॅब पास आणि फाट नापास अशी जोडी आली तर समजा: तंतू आखूड आहे आणि जास्त सुया ठोकून वेळ मारून नेली आहे. सुया वाढवल्या की काही मर्यादेपर्यंत ताकद वाढते, त्यापुढे तंतूच तुटू लागतात.

पडताळा: कमजोर दिशेचा आकडा निकषाशी ताडलाय ना? दोन्ही दिशांची सरासरी कोणत्याही मानकात मागितलेली नाही.

७. पाण्याच्या चाचण्या

इथवर पास झालेल्या मालालाच पुढे पाठवा, आणि तेही गाळण किंवा विलगीकरणासाठी असेल तर.

परमिटिव्हिटीत ५० मिमी पाण्याच्या उंचीखाली किती पाणी आरपार जातं ते मोजतात. चुका तीन होतात.

पहिली: तुकडा पुरता भिजत नाही. पॉलिप्रॉपिलीन पाणी झटकतं, आणि रिसायकल्ड तंतूंवर जुन्या कापडाचे फिनिश उरलेले असतात, काहींवर पाणी ठरतच नाही. आयएसओच्या पद्धतीत तुकडा ओलावा धरणाऱ्या द्रावणात किमान १२ तास बुडवतात. कोरड्या हवेचे बुडबुडे आत राहिले तर परमिटिव्हिटी कमी दिसते आणि चांगला फेल्ट नापास होतो.

दुसरी: नळाचं पाणी. त्यात विरघळलेली हवा असते, चाचणी चालू असतानाच तंतूंवर बारीक बुडबुडे जमतात आणि प्रवाह हळूहळू घसरतो. हवा काढलेलं पाणी हवं. एकाच तुकड्याची लागोपाठची वाचनं उतरत गेली तर फेल्टला दोष देण्याआधी पाणी बघा.

तिसरी: तापमान. निकाल २० अंशांवर आणायचा असतो. ३० अंशांना पाण्याचा चिकटपणा २० अंशांच्या सुमारे ८० टक्केच उरतो, त्यामुळे उन्हाळ्यात दुरुस्ती न करता लिहिलेला आकडा पाव हिश्शाने फुगलेला असतो. अहवालात पाण्याचं तापमान नसेल तर विचारून घ्या.

छिद्रमाप कोरड्या पद्धतीत काचेच्या मण्यांनी काढतात: ५० ग्रॅम मणी, १० मिनिटं चाळणी हलवायची, सगळ्यात बारीक मण्यांपासून सुरुवात करून जाड मण्यांकडे जायचं. ज्या मापाचे ५ टक्के किंवा कमी मणी खाली येतात ते छिद्रमाप. रिसायकल्ड फेल्टमध्ये इथे एक खास फसगत आहे. ५ टक्के म्हणजे अडीच ग्रॅम. हलवताना फेल्टमधली धूळ आणि आखूड तंतूही खालच्या ताटलीत पडतात आणि मण्यांबरोबर तोलले जातात. छिद्रमाप आहे त्याहून मोठं निघतं. म्हणून मण्यांआधी तुकडा रिकामाच चाळणीवर हलवा, पडलेलं फेकून द्या, मग चाचणी सुरू करा. शेवटी ताटलीत तंतूंचा पुंजका दिसला तर तो उचलून बाजूला काढा आणि मगच मण्यांचं वजन करा.

उलट बाजूने, कोरड्या हवेत कृत्रिम तंतूंवर स्थिर वीज साठते, मणी चिकटून बसतात आणि छिद्रमाप खोटं बारीक दिसतं. आर्द्रता सांभाळलेली खोली हवी ती यासाठीच. जाड फेल्टसाठी पाण्याखाली चाळण्याची आयएसओ १२९५६ पद्धत जास्त भरवशाची. मुंबईत घाटकोपरला बीटीआरए या वस्त्र संशोधन संस्थेत जिओटेक्स्टाइलचं केंद्र आहे. इचलकरंजीच्या डीकेटीई या वस्त्रोद्योग-अभियांत्रिकी महाविद्यालयात नॉनवोव्हनचं (न विणलेल्या कापडाचं) केंद्र आहे. नमुना पाठवताना पद्धत तुम्ही लिहून द्या, त्यांच्यावर सोडू नका.

८. ऊन, चुना आणि वय

काळा फेल्ट म्हणजे उन्हात टिकणारा फेल्ट, हा समज सोडा. तंतू ओतताना त्यात घातलेला कार्बन ब्लॅक उन्हापासून वाचवतो. काळ्या पँटच्या कातरणीचा काळा रंग वाचवत नाही. निकष असा: झेनॉन दिव्याखाली ५०० तासांनंतर किमान ५० टक्के ताकद उरली पाहिजे. दर मिश्रणाची ही चाचणी कोणी करत नाही, पण मिश्रण बदललं की जुना अहवाल रद्द समजा. रिसायकल्ड मालात मिश्रण लॉटगणिक बदलतं, म्हणून अहवालावरची तारीख आणि लॉट क्रमांक पाहाच.

पॉलिएस्टरला तीव्र अल्कली सोसत नाही. काळ्या मातीला चुना घालून पक्की करायची आपल्याकडे पद्धत आहे. त्या थराला लागून, किंवा ओल्या काँक्रीटला टेकवून पॉलिएस्टरचा फेल्ट लावू नका. बाटल्यांपासूनच्या पॉलिएस्टरची साखळी पुन्हा वितळवताना आधीच थोडी तुटलेली असते, त्यामुळे त्याला हा धोका अधिक. अशा ठिकाणी पॉलिप्रॉपिलीन घ्या, पैसे जास्त पडले तरी.

९. आकडे वाचा

सरासरी पाहून सही करणं ही सगळ्यात महागडी चूक. मानकातल्या मर्यादा बहुधा "रोलच्या सरासरीचं किमान मूल्य" म्हणून दिलेल्या असतात. उदाहरणादाखल दहा रोलांच्या ग्रॅब सरासऱ्या घेऊ, कमजोर दिशेच्या, न्यूटनमध्ये: ८२०, ७६०, ९०५, ६९०, ८४५, ७३०, ८८०, ७१०, ७९५, ७६५. दहांची सरासरी ७९०. मर्यादा ७००. पास?

प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप, ७२ येतं. किमान मूल्य म्हणजे सरासरी वजा दोन विचलनं: ७९० वजा १४४, म्हणजे ६४६. पुरवठादार पत्रकावर प्रामाणिकपणे ६४६ च लिहू शकतो, आणि ते ७०० च्या खाली आहे. शिवाय ६९० चा रोल एकटा पाहिला तरी नापास. व्हर्जिन मालात विचलन कमी असतं म्हणून सरासरी आणि किमान मूल्य जवळजवळ राहतात. रिसायकल्ड मिश्रणात हीच दरी रुंदावते, आणि पत्रकावर "टिपिकल व्हॅल्यू" असं बारीक अक्षरात छापून ती झाकली जाते.

उपाय दोनच आहेत: पुरवठादाराने मिश्रण सुधारून विचलन कमी करावं, किंवा वजन वाढवून सरासरी वर न्यावी. दुसरा स्वस्त वाटतो, पण जाड फेल्टचं छिद्रमाप आणि परमिटिव्हिटी बदलते, म्हणजे पायरी ७ पुन्हा. भाव ठरवताना हे बोलून घ्या.

१०. साइटवर गेल्यावर

पास झालेला रोलही साइटवर खराब होतो. रोल काळ्या आवरणातच ठेवा, जमिनीपासून उचलून. अंथरल्यावर १४ दिवसांच्या आत झाका. जोडावर किमान ३०० मिमी एकावर एक चढवा आणि पाण्याच्या दिशेने वरचा तुकडा वर ठेवा. खडी उंचावरून ओतू नका. उघड्या फेल्टवर डंपर वळवू नका. चाक वळताना जो पीळ बसतो तो कोणत्याही चाचणीत मोजलेला नाही.

शेततळ्यात फेल्ट आणि कागद अंथरण्याआधी मुरुमातले धारदार दगड हाताने वेचा. फेल्ट हा त्या मेहनतीचा पर्याय नाही.

प्रत्येक लॉटचा एक चौरस मीटरचा तुकडा रोल क्रमांक, तारीख आणि मशीनच्या दिशेचा बाण लिहून, काळ्या पिशवीत, कोरड्या जागी ठेवा. उद्या वाद झाला तर प्रयोगशाळेत पाठवायला हाच लागतो, साइटवरून उपसलेला चिखलाचा तुकडा कोणी मान्य करत नाही.